तुटला की सोडला? वादळात गेलेल्या नांगराच्या वादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातून टॉवेल आणि चादरी परदेशी पाठवणाऱ्यांची कागदपत्रं मी बरीच वर्षं हाताळतोय. अधूनमधून एखादा कारखानदार ई-मेलची छापील प्रत घेऊन येतो आणि समोर ठेवतो. त्यात लिहिलेलं असतं की जहाज वादळात सापडलं, नांगर आणि साखळी समुद्रात सोडावी लागली, ‘जनरल ॲव्हरेज’ (सगळ्यांना वाचवायला झालेलं नुकसान सगळ्यांनी वाटून सोसायचं) जाहीर झालं आहे, तुमचा वाटा भरल्याशिवाय माल सुटणार नाही. समोरचा माणूस विचारतो, “जहाज त्यांचं, नांगर त्यांचा. मग पैसे माझ्याकडून कसे मागतात?”

प्रश्न अगदी रास्त आहे. १८०१ साली इंग्लंडच्या न्यायालयात एका मालवाल्याने जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता. त्या खटल्याबद्दल आणि त्याच्या मागच्यापुढच्या गोष्टींबद्दल सोलापूरच्या पूर्वभागातल्या आणि एमआयडीसीतल्या मंडळींनी मला जे जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे.

नांगर म्हणजे आपला शेतातलाच ना?

शब्द तोच आहे आणि कामातही साम्य आहे. शेतातला नांगर जमिनीत फाळ रुतवतो आणि ओढला की पुढे सरकतो. जहाजाचा नांगरही समुद्रतळात फाळ रुतवतो, फक्त त्याने सरकायचं नसतं. त्यासाठी दोर किंवा साखळी पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट लांब सोडावी लागते. मग ओढ वर न बसता तळाला समांतर बसते आणि फाळ आणखी खोल जातो. दोर आखूड पडला की जहाज उसळताना नांगर उपटला जातो. काळ्या चिकट मातीत नांगर किती घट्ट बसतो हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. समुद्रातही चिखल आणि चिकणमाती नांगर चांगला धरते, खडक आणि भुसभुशीत वाळू दगा देते.

इतकी जड वस्तू हरवते कशी?

कधी दोर तुटतो. शिडांच्या जमान्यात दोर अंबाडीसारख्या तंतूचा असे, मांडीएवढा जाड, आणि तळाच्या खडकावर घासून झिजे. म्हणून तर इंग्रज नौदलातल्या सॅम्युएल ब्राउन या अधिकाऱ्याने १८०८ मध्ये लोखंडी साखळीचा प्रयोग केला आणि हळूहळू साखळी सगळीकडे आली. पण साखळीही तुटते. कधी फाळ खडकाखाली अडकतो आणि निघतच नाही.

आणि कधी खलाशी स्वतःच दोर तोडतात. हे ऐकून लोक चमकतात. नांगर तर जहाज वाचवायला असतो, मग वादळातच तो का सोडायचा? कारण नांगर उचलायला वेळ लागतो. जुन्या जहाजांवर कितीतरी माणसं चक्राला जुंपून तो दोर इंच-इंच वर ओढत. मागे खडक, वारा त्याच दिशेचा, आणि बाजूचं जहाज सुटून अंगावर येतंय अशा वेळी तेवढा अवकाश नसतो. मग कुऱ्हाड उचलायची, दोर तोडायचा आणि शीड उभारून मोकळ्या समुद्राकडे निसटायचं. आजच्या जहाजावर साखळीचा शेवटचा खिळा काढून ती पूर्ण सोडून देतात. नांगर गेला, जहाज वाचलं.

भांडण होतं ते या दोन प्रकारांवरून. नांगर आपसूक तुटला, की कोणी ठरवून सोडला?

१८०१ चा तो खटला नेमका काय होता?

बर्कली विरुद्ध प्रेसग्रेव्ह. ‘आर्गो’ नावाचं जहाज माल घेऊन इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या संडरलँड बंदरात आलं आणि जोराच्या वाऱ्यात सापडलं. जहाज धक्क्याला बांधायचे नेहमीचे दोर होते, पण त्या वाऱ्यात ते पुरेनात. तेव्हा कप्तानाने नांगराचा दोर नांगरापासून कापून काढला आणि त्याने जहाज धक्क्याला बांधलं. जहाज वाचलं, मालही वाचला. दोराची मात्र वाट लागली.

जहाजमालक मालवाल्याला म्हणाला की हा दोर तुझा माल वाचवायलाही खर्ची पडला, तेव्हा तुझ्या वाट्याचं दे. मालवाल्याने नकार दिला. त्याचं म्हणणं सोपं होतं: दोर हे जहाजाचं सामान आहे, सामान वापरलं की झिजतं आणि तुटतं, जहाज नीट पोहोचवण्याचं भाडं मी दिलेलं आहे. प्रकरण किंग्ज बेंच न्यायालयात गेलं. असा दावा साध्या दिवाणी न्यायालयात मुळात चालवता येतो का, हाही त्यात एक प्रश्न होता.

निकाल काय लागला?

जहाजमालक जिंकला. या खटल्यात न्यायमूर्ती लॉरेन्स यांनी जी व्याख्या केली तीच पुढे दोनशे वर्षं जगभर वापरली गेली. तिचा आशय असा की जहाज आणि माल वाचवण्यासाठी नेहमीपेक्षा वेगळा त्याग केला किंवा वेगळा खर्च केला, तर त्यातून झालेलं नुकसान ज्यांचं ज्यांचं हित त्यात गुंतलं आहे त्या सगळ्यांनी आपापल्या प्रमाणात सोसायचं.

सगळा कस त्या ‘नेहमीपेक्षा वेगळा’ या शब्दांत आहे. धक्क्याला बांधायचा दोर धक्क्याला बांधलेला असताना वाऱ्याने तुटला, तर तो आपलं ठरलेलं काम करताना गेला. ते नुकसान एकट्या जहाजमालकाचं. पण नांगराचा दोर नांगरापासून तोडून भलत्याच कामाला लावला, कारण तसं केलं नसतं तर सगळंच गेलं असतं, तेव्हा तो दोर सगळ्यांसाठी खर्च झाला. मालवाल्याचा युक्तिवाद ऐकायला पटतो, मलाही पहिल्यांदा पटला होता. त्यातली खोट हळूहळू दिसते: त्याने भाडं दिलं होतं ते सामान नेहमीसारखं वापरण्याचं, सामान बळी देण्याचं नव्हे.

नांगर दोन्ही वेळा गेलाच, मग फरक एवढा महत्त्वाचा का?

समजा सोलापुरातल्या चार व्यापाऱ्यांचा माल एकाच ट्रकमध्ये आहे आणि सीना नदीच्या पुरात ट्रक पुलावर अडकला. पाण्याच्या लोंढ्याने एका व्यापाऱ्याच्या गठ्ठ्यांवरची ताडपत्री फाटली आणि त्याचा माल भिजला, तर बाकीचे तिघे हळहळतील, पण पैसे देणार नाहीत. देऊही नयेत. पण ट्रक हलका करण्यासाठी ड्रायव्हरने त्याचेच गठ्ठे उचलून नदीत टाकले आणि त्यामुळे ट्रक बाहेर निघाला, तर उरलेल्या तिघांचा माल त्या एकाच्या मालावर वाचला. त्याला एकट्याला बुडू देणं कोणाच्याही मनाला पटणार नाही. ट्रकच्या मालकालाही त्यात वाटा द्यावा लागेल, कारण ट्रकही वाचला.

माझ्या मते या कायद्याचं सगळं बळ इथेच आहे. दुसरी एक गोष्टही यात दडलेली आहे. सगळ्यांकडून भरपाई मिळेल हे ठाऊक असलं की कप्तान संकटाच्या क्षणी कोणाची वस्तू टाकावी याचा हिशेब करत बसत नाही. जी टाकल्याने जहाज वाचेल ती टाकतो. स्वतःच्या मालकाचा नांगर वाचवायला तो तुमचे टॉवेल समुद्रात फेकणार नाही.

ही कल्पना इंग्रजांची का?

नाही, फार जुनी आहे. भूमध्य समुद्रातल्या ऱ्होड्स बेटाच्या नावाने ओळखला जाणारा नियम रोमन लोकांनी उचलला आणि सम्राट जस्टिनियनच्या काळात, ५३३ साली, संकलित झालेल्या ‘डायजेस्ट’मध्ये तो आला: जहाज हलकं करण्यासाठी माल फेकला, तर सगळ्यांसाठी जे दिलं ते सगळ्यांनी मिळून भरून द्यावं.

त्याच संग्रहात एक खटला आहे, तो मला आर्गोच्या खटल्याइतकाच आवडतो. एक जहाज वादळात सापडलं, वीज पडून त्याची डोलकाठी, आडवी काठी आणि सामान जळालं. ते कसंबसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या हिप्पो बंदरात पोहोचलं, तिथे मिळेल ते सामान घाईने बसवलं आणि रोमचं बंदर ओस्तिया गाठलं. माल शाबूत होता. मालवाल्यांनी वाटा द्यावा का? न्यायपंडित ज्युलियन म्हणाला, नाही. खर्च जहाज पुन्हा सज्ज करण्याचा होता, माल वाचवण्याचा नव्हता. विजेने जाळलं, कोणी बळी दिलं नाही. आर्गोच्या खटल्याआधी सोळाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी ‘तुटला’ आणि ‘सोडला’ यांतली रेघ ओढलेली होती.

मध्ययुगात फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओलेरॉन बेटाच्या नावाने जे समुद्री नियम चालत, त्यांत तर नांगराचं नाव घेऊनच सांगितलं आहे. वादळात दोर तोडून नांगर सोडले, तर ते फेकलेल्या मालासारखेच धरून सगळ्यांवर वाटायचे. माल फेकला असेल तर किनाऱ्याला लागल्यावर कप्तानाने आणि त्याच्या काही खलाशांनी जीव, जहाज आणि माल वाचवण्यासाठीच हे केलं अशी धर्मग्रंथावर शपथ घ्यायची. पुरावा तेव्हाही मागितला जायचा.

अर्धवट तुटलेली वस्तू कापून टाकली तर?

तर वाटा नाही. १८७७ च्या शेफर्ड विरुद्ध कॉटगेन या खटल्यात वादळाने खिळखिळी झालेली डोलकाठी कप्तानाने कापून टाकली होती. न्यायालय म्हणालं, ती आधीच गेल्यात जमा होती. गेलेल्याचा त्याग होत नाही. आजच्या नियमांतही हे कलम आहे. नांगराला तेच लागू: दोर आधीच तुटला असेल आणि उरलेला तुकडा तुम्ही कापून टाकला, तर त्याचे पैसे मालवाल्याकडे मागता येत नाहीत.

तळाला पडलेला नांगर मग कोणाचा?

ज्याचा होता त्याचाच. सोडून दिला म्हणजे हक्क सोडला असं नाही. म्हणून जुने खलाशी नांगराला वेगळ्या दोरीने तरंगता बोया बांधत. वादळ सरलं की बोया पाहून नांगर काढायला परत यायचं. बोयाचं दुसरंही काम होतं. ओलेरॉनच्या नियमांप्रमाणे उथळ बंदरात बोयाशिवाय नांगर टाकला आणि त्यावर आदळून दुसऱ्याच्या जहाजाला भोक पडलं, तर नुकसान नांगरवाल्याने भरायचं.

पण नांगर काढणाऱ्याला मेहनताना मिळायलाच हवा आणि खरी कडू भांडणं इथेच झाली. इंग्लंडच्या आग्नेय टोकाला डील नावाचं गाव आहे. समोर ‘डाउन्स’ नावाचा नांगरतळ, पलीकडे गुडविन सँड्स हे भयानक वाळूचे पट्टे. वाऱ्याची वाट पाहत शेकडो जहाजं तिथे उभी राहत. १७०३ च्या नोव्हेंबरातल्या महावादळात याच पट्ट्यांवर इंग्रज नौदलाच्या चार युद्धनौका गेल्या आणि हजाराहून अधिक माणसं मेली. डीलचे नावाडी अशा हवेत छोट्या होड्यांतून नवा नांगर आणि दोर घेऊन नांगर गमावलेल्या जहाजांपर्यंत जात. हवा शांत झाली की तळाशी दोर ओढत फिरून हरवलेले नांगर शोधत.

जहाजमालक म्हणत, हे लोक अडवून पैसे घेतात. नावाडी म्हणत, त्या रात्री तुम्ही होडीत बसला असता का? मला नावाड्यांची बाजू जड वाटते. बुडत्या जहाजाला नांगर पोहोचवणं ही केवळ विक्री नव्हे, ती सुटका आहे, आणि इंग्रजी नौकान्यायालयांनीही तिला तसंच मानलं. १८२१ च्या एका कायद्याने त्या किनाऱ्यावर असे वाद झटपट मिटवण्यासाठी आयुक्त नेमले गेले.

जुना झिजलेला नांगर गेला आणि आमच्या पैशाने कोरा घेतला, हे कसं?

लाकडी जहाजांच्या काळात ‘जुन्याच्या बदली नवं’ म्हणून दुरुस्तीच्या खर्चातून साधारण एक तृतीयांश वजा करत. शीड, दोर, डोलकाठी झिजते, नव्याने मालकाचा फायदा होतो म्हणून ही वजावट. नांगराला मात्र ती लावत नसत, कारण लोखंडाचा नांगर वीस वर्षांनीही नांगरच असतो. साखळीला एक षष्ठांश वजावट होती. आजच्या नियमांत नांगर आणि साखळी दोन्हींना वजावट नाही. तेव्हा ‘जुना होता’ ही हरकत टिकत नाही. त्यावर वेळ घालवू नका.

‘आजचे नियम’ म्हणजे कोणते?

यॉर्क-अँटवर्प नियम. १८६४ मध्ये यॉर्कला आणि १८७७ मध्ये अँटवर्पला वेगवेगळ्या देशांचे लोक बसले आणि एकच पद्धत ठरवली. त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या, शेवटची २०१६ मध्ये. हा कुठल्या देशाचा कायदा नाही, करार आहे. तुमच्या बिल ऑफ लेडिंगच्या (जहाज कंपनीने माल घेतल्याच्या कागदाच्या) मागच्या बारीक अक्षरांत तो लिहिलेला असतो. तिकडे कोणी पाहत नाही. कृपा करून पाहा, कारण १९९४ ची आवृत्ती लागू आहे की २०१६ ची, हे तिथेच कळतं.

माझ्या वाट्याला किती येतील?

हिशेब समजावा म्हणून सोपे आकडे घेतो. जहाजाची किंमत ६० कोटी, त्यावरच्या सगळ्या मालाची ४० कोटी, एकूण १०० कोटी. नांगर, साखळी आणि त्यामुळे आलेला मान्य खर्च मिळून २ कोटी, म्हणजे वाचलेल्या दर शंभर रुपयांमागे २ रुपये. तुमच्या कंटेनरमध्ये ४० लाखांचे टॉवेल असतील तर तुमचा वाटा ८० हजार.

यातली एक गोष्ट सांगितली की रागावलेला माणूस बहुतेक वेळा थोडा शांत होतो: जहाजमालकही आपल्याच नांगराच्या भरपाईत वाटा उचलतो. वरच्या हिशेबात २ कोटींपैकी १ कोटी २० लाख त्याच्याच खिशातून जातात.

कप्तानाच्याच चुकीने जहाज अडचणीत आलं असेल तर?

मग भांडायला जागा आहे. हिशेब आधी चूक बाजूला ठेवूनच करतात, पण चूक दाखवून पैसे नाकारण्याचा तुमचा हक्क तसाच राहतो. जहाज निघतानाच प्रवासाला योग्य नव्हतं, साखळी तपासलेली नव्हती, असं सिद्ध झालं तर मालकाला तुमच्याकडून वसूल करणं अवघड जातं. मात्र जहाज हाकण्यातल्या कप्तानाच्या चुकीबद्दल बऱ्याच करारांत मालकाला सूट दिलेली असते. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. फोनवर एका वाक्यात उत्तर मागू नका, वकिलाला कागद दाखवा.

माझा विमा आहे, तो हे भरेल का?

बहुतेक भरतो. मालाच्या विम्याच्या प्रचलित ए, बी आणि सी या तिन्ही कलमसंचांत जनरल ॲव्हरेजचा वाटा धरलेला आहे, अगदी सगळ्यात स्वस्त सीमध्येही. विमा असेल तर तुम्ही ॲव्हरेज बाँडवर (वाटा भरण्याच्या लेखी हमीवर) सही करता, विमा कंपनी हमी देते आणि माल सुटतो. विमा नसेल तर रोख अनामत भरावी लागते आणि ती बराच काळ अडकून पडते. थोडका हप्ता वाचवायला विमा न घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचा माल परक्या बंदरात पडून राहिलेला पाहताना जीव तुटतो.

माल एफओबी (जहाजावर चढेपर्यंतच जोखीम माझी, या अटीवर) विकला होता, तरी माझ्याकडे येतील का?

सहसा नाही. माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची, आणि बाँडवर सही करायची ती माल घेणाऱ्याने. पण त्याने माल उचलायलाच नकार दिला आणि तुमचे पैसे यायचे असले, तर दुखणं तुमच्याच दारात येतं.

आपल्या कायद्यात याला जागा आहे का?

आहे. भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्याच्या ६६व्या कलमात जनरल ॲव्हरेजची व्याख्या आहे, आणि तिच्यात लॉरेन्स यांच्याच विचाराची छाप दिसते. १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या नौकाधिकार (ॲडमिरल्टी) कायद्यात हा दावा उच्च न्यायालयापुढे नेता येतो. सोलापूरकराला त्यासाठी मुंबई उच्च न्यायालय.

सोलापूरचा समुद्राशी संबंधच काय, असं मुलं विचारतात.

१८६० मध्ये इथे रेल्वे आली, १८७७ मध्ये ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली, आणि सूत-कापडाच्या धंद्याला मुंबई बंदराची वाट मिळाली. आज आपला टॉवेल न्हावा-शेवाहून निघतो. यंत्रमागावर बसलेल्या माणसाने समुद्र पाहिला नसेल, पण त्याच्या हातचं काम समुद्रावरच असतं. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज अडकलं आणि पुढच्या महिन्यात जनरल ॲव्हरेज जाहीर झालं, तेव्हा त्यावर माल असलेल्या जगभरच्या छोट्या व्यापाऱ्यांना हा शब्द पहिल्यांदा कळला.

आणि नांगर धरला नाही तर काय होतं हे त्याच वर्षी आपल्याच समुद्रात दिसलं. मे महिन्यातल्या तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसं होती, त्यांतली कितीतरी परत आली नाहीत. तिथे हिशेब नांगराचा नव्हता.

नोटीस आली तर पहिलं काय करायचं?

चिडून नकार कळवू नका आणि घाबरून पैसेही पाठवू नका. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. मग ॲव्हरेज अॅडजस्टरकडे (वाट्यांचा हिशेब करणाऱ्या तज्ज्ञाकडे) जहाजाच्या नोंदवहीची त्या रात्रीची पानं मागा. वारा कुठून आणि किती होता, किनारा किंवा दुसरं जहाज किती जवळ होतं, साखळी किती शॅकल सोडली होती (एक शॅकल म्हणजे साडेसत्तावीस मीटर), ती सोडण्याचा हुकूम कोणी आणि किती वाजता दिला, हे त्यात असायला हवं. हुकमाची नोंद असेल, तर तो नांगर तुमच्या टॉवेलसाठीही गेला आहे, वाटा द्या. नोंदीत नुसतंच ‘साखळी तुटली’ असेल, तर ते पान जपून ठेवा आणि सही करण्याआधी लेखी हरकत घ्या.